एक यंत्र जागं हवं

भोंगाकाकांना गुपित सांगू नये, असा गल्लीचा नियम होता. माणूस तसा विश्वासाचा. पण आवाज असा, की "बरं बाबा, कुणाला सांगत नाही" हे त्यांनी म्हटलेलं कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ऐकू जायचं. त्यात त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? उभी हयात जहाजांच्या पोटात गेली, वीज तयार करणाऱ्या यंत्रांच्या शेजारी. तिथं माणूस एकतर ओरडून बोलतो, नाहीतर हातवारे करतो, आणि काकांना हातवाऱ्यांचा कंटाळा. म्हणून नाव पडलं भोंगा. नोकरी संपली, डोक्यावरचे केस संपले, नाव मात्र टिकलं.

कानांचीही तीच तऱ्हा. माणसांचं बोलणं त्यांना अर्धं ऐकू येई, आणि नकोसं असलं तर तेवढंही नाही. पण यंत्राची कुरकुर भिंतीपलीकडून कळे. शेजारीणबाईंच्या कपडे धुण्याच्या मशीनचं बेअरिंग गेलंय, हे त्यांनी एकदा आपल्या घरात दाढी करता करता ओळखलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं. मशीन दुरुस्त झालं. पण भिंत एवढी पातळ आहे म्हटल्यावर आपलं बाकीचं काय काय ऐकलं असेल, या विचारानं बाई महिनाभर कुजबुजत बोलत होत्या.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आता घरात ते आणि त्यांची धाकटी मुलगी. बाहेरच्या खोलीला एक मोठी खिडकी. खिडकीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे बंदराचं कुंपण, आणि कुंपणाला लागून धक्का. त्या धक्क्याला एक पांढरं प्रवासी जहाज लागायचं. गल्लीत त्याला महाराणी म्हणत. दोन दिवस समुद्रात फिरून यायची आणि उरलेला आठवडा इथं ठाण मांडून बसायची. बसायची म्हणजे काय, नुसती गप्प बसायची थोडीच! आतले दिवे, स्वयंपाकघर, बर्फाच्या खोल्या, लिफ्टा, सगळ्याला वीज लागते. ती करायला पोटातली यंत्रं चोवीस तास घुमत राहायची आणि त्यांचा धूर धुराड्यातून निघून थेट काकांच्या खिडकीशी यायचा. खिडकीच्या फळीवर बोट फिरवलं तर बोटाचं काजळ व्हायचं. शेवटी मुलीनं खिडकी बंद करून फटींना चिकटपट्टी लावली. त्यालाही दोन वर्षं झाली होती.

तरी खोकला काही चिकटपट्टीला जुमानेना. डॉक्टरीणबाई एक घाव दोन तुकडे करणाऱ्या. त्यांनी काकांची छाती ऐकली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "धूर हलवा, नाहीतर तुम्ही हला. तिसरा उपाय माझ्याकडे नाही."

हलायला जागा होती. थोरला मुलगा दूर डोंगरातल्या गावी राहायचा. त्यानं एक खोली रंगवून तयारच ठेवली होती. येत्या रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो म्हणाला.

"खोली छान आहे बाबा. खिडकीतून नुसती झाडं दिसतात."

"झाडं!" काका फोनवर गरजले. फोन नसता तरी डोंगरात ऐकू गेलं असतं. "झाडाकडे बघून काय करू मी? त्याला चालू करता येतं का बंद करता येतं?"

खरं सांगायचं तर काकांना त्या झाडांची भीती वाटत होती. हे घर, हा जिना, समोरचं जहाज, खालचा न्हावी, एवढंच त्यांचं जग. त्यातून उचलून कुणी झाडांत नेऊन ठेवलं तर आपण आठवड्यात वाळून जाऊ, असं त्यांना वाटे. पण हे बोलतील तर ते भोंगाकाका कसले! ते एकच धोशा लावून बसले, की मला काही झालेलंच नाही. घसा कोरडा पडतो, बस्स. डॉक्टरीणबाईंनी दिलेला तोंडात मारायचा पंप त्यांनी मोज्यांच्या खणात मागे ढकलून दिला होता. पंप यंत्राला लागतो, माणसाला नाही, हे त्यावरचं त्यांचं मत. आणि कुणी छातीचा विषय काढला रे काढला, की हात जायचा रेडिओकडे. बातम्या इतक्या मोठ्यानं लागायच्या की मंत्री घरात येऊन बसलाय असं वाटावं.

आता गंमत बघा. त्यांची मुलगी काम काय करायची? बंदरात जहाजांना किनाऱ्याची वीज जोडायची! धक्क्यावर मोठ्या पेट्या बसवल्या होत्या. जहाज लागलं की तिची टोळी जाडजूड केबल यांत्रिक हातानं उचलून जहाजाच्या कुशीतल्या छोट्या दारातून आत न्यायची आणि जोडायची. मग जहाजानं आपली यंत्रं बंद करायची आणि गावाची वीज प्यायची. धूर नाही, घरघर नाही. पलीकडच्या धक्क्यांवर मालवाहू जहाजं गुमान जोडून घ्यायला लागली होती. एक महाराणी तेवढी अडून बसली होती. सॉकेट होतं, चाचणी झालेली होती, पण दरवेळी जहाजावरून निरोप यायचा, "आज नको."

घरी काकांचं वेगळंच. मुलीच्या कामाला ते "उसनी वीज" म्हणत. तरुणपणी एका बंदरात त्यांच्या जहाजानं अशीच किनाऱ्याची वीज घेतली होती आणि ती ऐन वेळी गेली. सगळं जहाज काळंकुट्ट. काका खिशातल्या काडेपेटीतल्या काड्या ओढत, गुडघे फोडून घेत यंत्रापर्यंत पोचले आणि ते चालू केलं. तेव्हापासून त्यांनी नियमच केला आणि हाताखालच्या प्रत्येक पोराच्या डोक्यात हातोडीनं खिळा ठोकावा तसा ठोकला. परक्याच्या दिव्यावर आपलं जहाज ठेवू नये, एक यंत्र जागं हवं. मुलगी हे वाक्य जेवताना रोज ऐकायची, चटणी-मिठासारखं.

रविवार चारपाच दिवसांवर आला तशी तिच्या जिवाची घालमेल सुरू झाली. बाबांना पाठवायचं तिच्याही मनात नव्हतं. ती तडक महाराणीवर गेली. मुख्य इंजिनिअर नुकताच बदलून आलेला होता. खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर एक मळकं फडकं. तिला जरा नवल वाटलं.

"तुमची वीज चांगलीच असेल हो," तो नम्रपणे म्हणाला. "पण माझे एक उस्ताद होते. त्यांनी शिकवलंय, परक्याच्या दिव्यावर..."

"...आपलं जहाज ठेवू नये," मुलगी म्हणाली. "एक यंत्र जागं हवं."

तो बघतच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या उस्तादांचा आवाज कसा होता हो?"

"आवाज? काय सांगू! ते खाली बोलले की वरच्या मजल्यावर झोपलेला माणूस बूट घालून उभा राहायचा."

"तेच. माझे वडील आहेत ते."

त्याच्या खांद्यावरचं फडकं खाली पडलं. उस्ताद इथं? याच गावात? कुठं राहतात?

"तुमच्या समोरच," ती म्हणाली. "उद्या दुपारी चहाला या."

बाकी ती अक्षर बोलली नाही. हे काम सांगून होणारं नव्हतं, दाखवूनच व्हायचं होतं. बापाची लेक होती, पण ही हळू बोलणारी.

दुसऱ्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दोनदा दाढी केली आणि दारातच आरोळी ठोकली, "अरे फडक्या!" शिकाऊ असताना हा पोरगा दिसेल ते पुसत सुटायचा, म्हणून त्याला काकांनीच हे नाव ठेवलं होतं. मुख्य इंजिनिअर झाला, पट्ट्या चढल्या, पण 'फडक्या' ऐकताच त्याचा चेहरा विशीतल्या पोरासारखा फुलला. दोघं बसले आणि जुनी यंत्रं एकेक करून खोलीत आली. कुठलं तापट, कुठलं आळशी, कुठलं थंडीत लाथ घातल्याशिवाय उठत नसे. काकांना दम लागत होता, पण आनंदात कोण लक्ष देतो!

मुलीनं चहा आणला, कप ठेवले आणि सहज म्हणाली, "फार उकडतंय, नाही?" आणि खिडकीवरची चिकटपट्टी टर्रकन ओढून काढली.

"अगं ए, काय करतेस?"

"पाहुणे आलेत बाबा. जरा हवा येऊ द्या."

दोन वर्षांनी खिडकी उघडली. हवा कसली, आधी धूर आला. खोलीत पसरला, पडद्याला लागला, आणि फडक्याच्या चहावर काळे ठिपके येऊन बसले. त्याला ठसका लागला. "श्शी! कुणाचं हो हे एवढं काळं? यंत्राची काळजी म्हणून काही घेतात की नाही लोक?"

काकांनी हनुवटीनं फक्त खिडकीकडे खूण केली. फडक्यानं मान वर केली. समोर हाताच्या अंतरावर त्याच्याच महाराणीचं धुराडं निवांत धूर सोडत होतं.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," काका म्हणाले, आणि हसायला गेले. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. काका खुर्चीत दुमडले, डोळ्यांत पाणी आलं, काही बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. फडक्यानं उस्तादांना तापानं फणफणलेलं पाहिलं होतं, रागानं लाल झालेलं पाहिलं होतं, पण मुकं कधी पाहिलं नव्हतं. तो हातातला कप तसाच धरून उभा राहिला.

"घशात... साखर अडकली," काका शेवटी म्हणाले.

"बाबा, चहात साखर घातलेली नाही," मुलगी म्हणाली. आणि मग तिनं पाहुण्याला सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई, थोरला, रविवारची गाडी, झाडं.

"उस्ताद," फडक्या म्हणाला, "तुम्ही नुसतं हो म्हणा. उद्याच बंद करतो यंत्रं."

"मी का म्हणू? नियम म्हणजे नियम. थोड्याशा धुरापायी माझा शब्द मी गिळू?"

"शब्द नका गिळू," मुलगी म्हणाली, "पण धूर गिळताय त्याचं काय?"

"गुरूची विद्या गुरूला," फडक्या हळूच पुटपुटला आणि लगेच जीभ चावली. मग त्यानं समजावलं, की आता तसं राहिलेलं नाही. बाहेरची वीज गेली तर जहाजावरचं एक यंत्र आपोआप उठतं. झोपलेलं असतं, पण ऊबदार, एक डोळा उघडा ठेवून.

"आपोआप!" काकांनी त्या शब्दावर नाक मुरडलं. "माझ्या डोळ्यांनी बघेन तेव्हा खरं."

"मग या की बघायला. उद्या सकाळी."

काकांच्या लक्षात आलं की आपण बोलता बोलता कोंडीत सापडलो. पण जहाजाच्या पोटात पुन्हा उतरायला मिळणार म्हटल्यावर त्यांना माघार घ्यायचं काही सुचलं नाही.

सकाळी ते निघाले ते खिशात टॉर्च घेऊनच. लिफ्टनं खाली गेले, यंत्रांच्या खोलीचं दार उघडलं आणि तो ओळखीचा गडगडाट अंगावर आला. काकांचे डोळे भरून आले. तेलाचा वास घेत ते प्रत्येक यंत्रापाशी थांबले. फडक्यानं एक झोपलेलं यंत्र हात न लावता, आपोआप उठवून दाखवलं आणि परत झोपवलं. वर धक्क्यावर मुलीच्या टोळीनं केबल आत दिली, जोडली, तपासली, आणि खात्री करायला मुलगी स्वतः खाली आली. फडक्यानं भार हळूहळू किनाऱ्याच्या विजेवर सरकवला. काका मुठीत टॉर्च आवळून दिव्यांकडे बघत होते. दिवे हलले नाहीत.

पहिलं यंत्र थांबलं. दुसरं थांबलं. शेवटच्यापाशी फडक्या बाजूला झाला. "हे तुम्ही करा उस्ताद."

यंत्र बंद करण्याआधी त्याच्या अंगावर तळवा ठेवायची काकांची जुनी सवय. त्यांनी तो ठेवला. "दमलीस गं बाई," ते म्हणाले, आणि बटण दाबलं. घरघर खाली आली, अडखळली, थांबली. यंत्रंच नाहीत तर त्यांना हवा कशाला, म्हणून पंखेही थांबवले. दिवे मात्र जिथल्या तिथं लखलखत होते. एवढी वर्षं अशा खोल्यांत काढली, पण अशी उजेडातली शांतता त्यांनी पहिल्यांदा ऐकली.

आणि एकदम त्यांनी हात वर केला.

"थांबा! हवा गळतेय."

सगळे जागच्या जागी उभे राहिले.

"ऐकू येत नाही तुम्हाला? शिट्टी वाजतेय, बारीक. कुठली तरी झडप नीट बसलेली नाही. फडक्या, लाज वाटू दे रे! साबणाचं पाणी आणा!"

गळती शोधायची ती जुनी रीत. सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की सापडली. मदतनीस धावत बादली आणि ब्रश घेऊन आला. काका नळांना कान लावत निघाले. "इथं आहे. नाही, थांब, इथंही आहे. अरे, इकडेही?" खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले, तर शिट्टी तिथंही. जिथं काका, तिथं शिट्टी. मदतनीस बादली घेऊन मागे मागे. फडक्याला कळलं होतं. त्यानं मान खाली घातली. मुलीनं ओठ घट्ट मिटून घेतले. सांगायचं कुणी?

बारीक आवाज ऐकायचा तर यंत्रवाला आपला श्वास रोखून धरतो. काकांनी रोखला. शिट्टी बंद.

"गेली," ते म्हणाले, आणि शिट्टी परत आली.

पुन्हा रोखला. बंद. सोडला. सुरू. तिसऱ्यांदा करून पाहिलं. नळावरचा त्यांचा हात सावकाश खाली आला आणि छातीवर येऊन थांबला.

"हे मी आहे?" काकांनी विचारलं. इतकं हळू, की मुलीला ते ओठांवरून वाचावं लागलं.

"हो बाबा."

"कधीपासून?"

"खूप झालं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"रोज सांगितलं! तुम्ही रेडिओ मोठा करायचात."

काका तिथल्या पायरीवर बसले. त्यांना भीती वाटली. झाडांची नाही, मरणाचीच. कुठलंही यंत्र असं वाजलं असतं तर त्यांनी ते तासभरही चालू दिलं नसतं. खोललं असतं, साफ केलं असतं, त्याच्या उशाशी बसले असते. मुलगी शेजारी येऊन बसली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मदतनीस बिचारा नवीन. त्याला काहीच कळलं नव्हतं. तो बादली सावरत म्हणाला, "उस्ताद, साबणाचं पाणी नक्की कुठं लावू?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि असे हसले, असे हसले, की खोकला लागला तरी हसतच राहिले. "लाव बाबा, इथं लाव!" शर्टाचं बटण काढत ते ओरडले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" भोंगा परत आला होता. मुलगी हसता हसता रडत होती, की रडता रडता हसत होती, तिलाच माहीत.

निघताना फडक्यानं भीत भीत विचारलं, "मग उस्ताद, नियमाचं काय?"

"तोच आहे. एक यंत्र जागं हवं," काका म्हणाले. "ते मी घरी सांभाळतो. तुझी तू झोपव."

घरी आल्या आल्या त्यांनी मोज्यांचा खण उपसला आणि पंप शोधून काढला. वेळच्या वेळी घेऊ लागले, यंत्राला तेल द्यावं तसा, एक थेंब इकडेतिकडे नाही. रेडिओ बंद. सकाळी उठून आधी श्वास ऐकायचे. खिडकी दिवसभर उघडी. समोर महाराणी गपगुमान उभी असायची, आणि शेजारीणबाईंनी पलीकडून विचारलंसुद्धा, की काका बरे आहेत ना, आवाज नाही काही?

रविवारी थोरला आला. पाहतो तर बॅग दारात भरलेली, पण बाबा खिडकीशी बनियनवर बसलेले.

"चला बाबा. उन्हाच्या आत निघू."

"डॉक्टरीणबाई महिनाभर बघू म्हणाल्यात," मुलगी म्हणाली. "धूर हललाय ना."

"अगं, चार दिवसांत काय होतंय? उगाच खुळ्यासारखं..."

"श्श!" काका म्हणाले. "तू आधी ऐक. इथं, पाठीला कान लाव. उजवीकडे. बघ, परवापेक्षा कमी आहे की नाही."

थोरल्यानं बहिणीकडे पाहिलं, मग बूट काढले, गुडघ्यावर बसला आणि बापाच्या उघड्या पाठीला कान लावला. दुसऱ्या बाजूनं मुलीनं लावला. खिडकीतून वारा येत होता आणि त्याला आज कसलाच वास नव्हता. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दोघं ऐकत राहिले, ऐकत राहिले.

"काहीच ऐकू येत नाही," थोरला घाबरून म्हणाला.

"बाबा!" मुलगी ओरडली. "श्वास घ्या की! रोखून काय बसलात?"

काकांनी श्वास सोडला. आत शिट्टी होती, पण बारीक, दमलेली. थोरल्यानं कान काढला नाही. तिथंच, बापाच्या पाठीला गाल टेकून, तो पुष्कळ वेळ बसून राहिला.

"काय रे?" काकांनी विचारलं. "कमी आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. मग उठला, दारातली बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.